एबीए सेंटरला थेरपिस्ट म्हणून लागलेय, पण ट्रेनिंग फारच कमी वाटतंय. मार्गदर्शन हवंय

नवी_थेरपिस्ट_सांगली

नमस्कार. मी मूळची सांगलीची, मानसशास्त्रात बीए झालंय आणि सध्या पुण्यात एका एबीए (अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस, म्हणजे बक्षीस देत पायरीपायरीने शिकवायची पद्धत) सेंटरला बिहेवियर थेरपिस्ट म्हणून लागलेय. सेंटरचं नाव टाकत नाही. मुलं ३ ते ८ वयाची, जवळपास सगळी ऑटिझमची. लागताना ४० तासांचा ऑनलाइन कोर्स करून घेतला, म्हणजे व्हिडिओ बघायचे आणि शेवटी ऑप्शनवाले प्रश्न, मग काही दिवस सिनियर ताईंच्या शेजारी बसून सेशन बघितली आणि आता मला माझी माझी मुलं दिलीत. काम मनापासून आवडतंय, सोडायचं अजिबात नाहीये, म्हणूनच विचारतेय.

एक ४ वर्षांचा मुलगा आहे, अजून बोलत नाही. टेबलवर बसवून मॅचिंग, टच नोज, क्लॅप हॅन्ड्स असं चालतं, बरोबर केलं की चिप्सचा तुकडा किंवा भोवरा मिळतो. दहाएक मिनिटांनी तो उठतो, परत बसवलं की रडतो, मग सरळ जमिनीवर आडवा. सिनियर ताई म्हणतात त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हाताला धरून काम पूर्ण करून घ्यायचं आणि मगच सोडायचं, नाहीतर रडलं की सुटका होते हे तो शिकेल. कोर्समध्ये पण एस्केप एक्स्टिंक्शन म्हणून हे होतं त्यामुळे लॉजिक कळतं. पण मागच्या आठवड्यात त्याने स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला, चांगले दात उमटले होते. आई बाहेर बाकावर बसलेली असते, तिला सगळं ऐकू येतं आणि आत यायची परवानगी नाही.

तर विचारायचंय की हे असंच करतात का सगळीकडे? दुसरं म्हणजे मला नीट शिकायचंय, आरबीटी (एबीए टेक्निशियनचं अमेरिकन सर्टिफिकेट) करायचं डोक्यात होतं पण कोणीतरी म्हणालं ते आता भारतातून होत नाही. आणि आमच्याकडे पालकांना आठवड्याला ४० तास थेरपी सांगतात, ते कुठून आलंय? कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

शिक्षिका_कोथरूड

अगं, तुला जे खटकतंय ते अगदी बरोबर खटकतंय, ते दाबून टाकू नकोस. मी स्पेशल एज्युकेटर आहे, या कामात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे थोडं मोठं लिहिते.

तुझ्या सिनियरचं एक निरीक्षण बरोबर आहे, तो मुलगा सुटका मागतोय. मुलाच्या वागण्यामागे काहीतरी मिळवायचं असतं, लक्ष हवं असतं, वस्तू हवी असते, नको असलेल्यातून सुटायचं असतं किंवा शरीराला ते करून बरं वाटत असतं. पण सुटका हवीय हे ओळखलं की काम सुरू होतं, संपत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याने "आता पुरे" हे कसं सांगायचं? त्याच्याकडे एकच मार्ग होता, रडायचा, तो आपण बंद केला आणि दुसरा दिला नाही, मग तो चावला. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी शाळेतल्या मुलांवर हेच दाखवलं होतं. काम अवघड झालं की जी मुलं आरडाओरडा करायची त्यांना "मला समजलं नाही" असं म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असायचं त्यांना "माझं बरोबर चाललंय का" असं विचारायला शिकवलं, आणि आरडाओरडा कमी झाला. याला फंक्शनल कम्युनिकेशन ट्रेनिंग म्हणतात आणि हे एबीएमधलंच आहे, एबीएच्या बाहेरचं काही मी सांगत नाहीये. तुझ्या कोर्समध्येसुद्धा यावर एखादा व्हिडिओ असेल बघ.

तर त्याला एक कार्ड दे, पुरे म्हणून, हाताचा पंजा काढलेला चालेल. पहिल्यांदा तो रडायच्या आधी, नुसता चुळबुळायला लागला की त्याचा हात धरून कार्ड तुझ्या हातात द्यायला लाव आणि लगेच सोड, खरोखर सोड, एक मॅचिंग राहिलंय तेवढं कर असं नाही. हात धरण्यासाठी दुसरी कुणी मागे बसली तर उत्तम. सुरुवातीला तो मिनिटामिनिटाला कार्ड देईल, देऊ दे. सिनियर म्हणतील की काम बुडतंय. बोलत नसलेलं पोर स्वतःहून मोठ्या माणसाला काहीतरी सांगायला लागलंय, याच्यापेक्षा मोठं काम टेबलवर कुठलं असणार आहे? कार्ड पक्कं झालं की मग "हे एक आणि मग सुटी", मग दोन, असं हळूहळू वाढवायचं.

नुसतं दुर्लक्ष करण्याचा धोका तुला कोणी सांगितला का माहीत नाही. जे वागणं आधी चालायचं ते अचानक चालेनासं झालं की ते कमी व्हायच्या आधी वाढतं. रडण्यात वाढलं तर वेगळं आणि चावण्यात वाढलं तर वेगळं. स्वतःला इजा करणाऱ्या मुलावर हे एखाद्या नवीन मुलीने एकटीने करायचं नसतं, कुणी जाणकार खोलीत असल्याशिवाय तर नाहीच. आणि त्याच्या आईला आजच विचार, कान दुखतोय का, दाढ किडलीय का, पोट साफ होतं का, झोप कशी आहे. न बोलणारं मूल दुखणं असंच दाखवतं आणि आपण त्याला बिहेवियर म्हणून तक्ता भरत बसतो.

आईला बाहेर का बसवतात तेही विचार. रोज काही तास तो तुमच्याकडे आणि बाकी सगळा वेळ तिच्याकडे, मग शिकायचं कुणी?

लेकीची_आई_ठाणे

ताई तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं, मी त्या बाकावर बसलेली आहे. आमची लेक आता ९ वर्षांची आहे, अडीच वर्षांची असताना कळलं, तेव्हा आम्ही इतके घाबरलो होतो की जो जे सांगेल ते करत होतो, सेंटर म्हणालं रोज या तर रोज, घरी फक्त इंग्लिश बोला म्हणाले तर फक्त इंग्लिश, माझ्या सासूबाईंना इंग्लिश येत नाही तर त्या बिचाऱ्या नातीशी बोलायच्याच बंद झाल्या. ती सेंटरमध्ये "वॉटर" म्हणायला लागली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घरी आजीकडे जाऊन वॉटर म्हणाली की आजीला कळायचं नाही की ही पाणी मागतेय, मग ती चिडायची आणि आम्ही ते रजिस्टरमध्ये टॅन्ट्रम म्हणून लिहायचो. नंतर ज्या डेव्हलपमेंटल पिडियाट्रिशियनकडे गेलो त्यांनी स्पष्ट सांगितलं की दोन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलांचं नुकसान होतं असा पुरावा नाही, घरात जी भाषा आहे ती बोला. आता ती मराठीत भांडते आजीशी आणि मला ते ऐकायला इतकं बरं वाटतं.

म्हणून तुम्हाला एकच विनंती, टच नोज ऐवजी नाकाला हात लाव म्हणा ना त्याला, घरी मराठी असेल तर. आणि मुळात नाकाला हात कशाला, पाणी दे, दार उघड, चप्पल घाल, भूक लागली, हे शिकवा. आमच्या लेकीला सगळे रंग इंग्लिशमध्ये येत होते आणि शी लागली हे सांगता येत नव्हतं.

आणि सेशन झालं की दोन मिनिटं आईशी बोला, आज काय केलं, कशाने हसला. "छान झालं सेशन" असं म्हणून दार बंद करू नका. आम्हाला एक थेरपिस्ट मिळाली होती, तुमच्यासारखीच नवीन, तिला फार काही येत नव्हतं पण ती विचारायची, घरी हे कसं करते, तुम्ही काय म्हणता तिला झोपवताना. तिने सगळ्यात जास्त शिकवलं.

कुणी नवीन पालक वाचत असतील तर युडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) काढून घ्या आणि नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना बघा, वर्षाला १ लाखापर्यंतचं कव्हर आहे, त्यात थेरपीच्या खर्चालाही काही मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. आम्हाला फार उशिरा कळलं.

पुतण्यासाठी_वाचतोय

फॉलो करतोय. आम्ही धाराशिवकडचे, इथे असली सेंटरच नाहीत, सगळे पुणे-सोलापूर म्हणतात. दर आठवड्याला कसं जमायचं? त्यावरही कुणी लिहा.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत बीसीबीए आहे, म्हणजे ज्यांच्या हाताखाली आरबीटी काम करतात ते पद. तुमच्या दोन्ही ४० बद्दल लिहितो कारण हे आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत आणि लोक ते एकत्र करून टाकतात.

आठवड्याला ४० तास हे लोवास यांच्या अभ्यासातून आलं. इव्हार लोवास, यूसीएलए, १९८७. १९ लहान मुलांना दोनेक वर्षं किंवा जास्त, आठवड्याला ४० तासांच्या आसपास एकास एक थेरपी दिली आणि त्यातली ९ मुलं नेहमीच्या वर्गात, सरासरी बुद्ध्यांक घेऊन पहिली पास झाली असं त्यांनी लिहिलं. तो आकडा जगभर गेला. सोबत जे जायला हवं होतं ते गेलं नाही, की मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि त्या थेरपीत जोरात "नो" म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं. ते आज कुठलाही जबाबदार माणूस करणार नाही. २०२४ मध्ये मायकल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी जामा पिडियाट्रिक्समध्ये लहान ऑटिस्टिक मुलांवरचे खूप सारे अभ्यास एकत्र तपासले, तर तास वाढवले की फायदा वाढतो असा भक्कम पुरावा मिळाला नाही. त्यामुळे प्रत्येक पालकाला सरसकट ४० सांगणं चूक आहे, विशेषतः जिथे पालक खिशातून भरतात तिथे. तास त्या मुलाकडे बघून ठरवायचे, त्याची झोप, त्याची बालवाडी, भावंडांशी खेळणं हे सगळं धरून.

दुसरे ४० तास तुमच्या कोर्सचे. आरबीटीसाठी १८ वर्षं पूर्ण, हायस्कूल (म्हणजे आपली बारावी) पास आणि ४० तासांचं ट्रेनिंग लागतं हे खरं आहे. पण त्यानंतर कॉम्पिटन्सी असेसमेंट असतं, ज्यात सुपरवायझर बसून बघतो की तुम्हाला हे करता येतं का, मग परीक्षा, आणि त्यानंतरही जन्मभर सुपरव्हिजन. महिन्यात जेवढे तास काम कराल त्याच्या किमान ५ टक्के तास सुपरव्हिजनमध्ये गेले पाहिजेत आणि सुपरवायझरने तुम्हाला मुलासोबत काम करताना प्रत्यक्ष बघितलं पाहिजे. प्रोग्राम, म्हणजे मुलाला काय आणि कसं शिकवायचं ते, आरबीटी लिहीत नाही, बीसीबीए लिहितो, त्याला मास्टर्स आणि साधारण १५०० ते २००० तासांचं फील्डवर्क लागतं. तुमच्याकडे यातला पहिला तुकडा तेवढा आणलेला दिसतोय, व्हिडिओ. व्हिडिओ बघून भाकरी थापता येत नाही, तिथे बाजूला आई लागते.

आणि हो, ऐकलंत ते बरोबर आहे. आरबीटी, बीसीबीए देणाऱ्या बीएसीबी या अमेरिकन संस्थेने २०२३ पासून अमेरिका, कॅनडासारखे मोजके देश सोडले तर बाहेरच्या लोकांचे नवीन अर्ज घेणं थांबवलंय. त्यामुळे पुण्यात कुणी "आरबीटी कोर्स करा, अमेरिकन सर्टिफिकेट मिळेल" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. आयबीएओ आणि क्यूएबीए या दोन संस्था भारतातून अर्ज घेतात, त्यांच्यातही टेक्निशियन पातळी आहे. पण नाव कुठलंही असू दे, पैसे भरायच्या आधी विचारा की माझं सेशन कोण बघणार, किती वेळा बघणार आणि बघून मला काय सांगणार. उत्तर आलं नाही तर तो कोर्स नको.

तुमच्या त्या मुलाबद्दल शिक्षिकाताईंनी लिहिलंय त्याच्याशी पूर्ण सहमत. आमच्या क्षेत्रात ग्रेगरी हॅनली गेली कित्येक वर्षं हेच सांगतायत की आधी मूल खूश, निवांत आणि रमलेलं असू दे, शिकवणं त्यानंतर. इथेही सगळीकडे तसं चालत नाही. कंपन्या मोठ्या झाल्यात, बिलिंगचे तास भरायचे असतात, टेक्निशियन सहा महिन्यात सोडून जातात. तेव्हा अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं कृपया समजू नका.

निळा_आवाज

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, मोठेपणी निदान झालं, नाशिकला आयटीत काम करतो. लहानपणी थेरपी झाली नाही पण घरात आणि शाळेत "माझ्याकडे बघून बोल" आणि "हात हलवू नको" हे इतक्या वेळा झालं की मी दोन्ही शिकलो. समोरच्याच्या डोळ्यात बघताना मला तो काय बोलतोय ते ऐकू येत नाही, अजूनही. मी बघतो आणि मान हलवतो आणि नंतर ईमेल करून परत विचारतो.

तुमच्या मुलाच्या फाइलमध्ये आय कॉन्टॅक्ट किंवा हात फडफडवणं कमी करणं असं टार्गेट असेल तर विचारा की ते कुणासाठी आहे. मुलाला त्याने काय मिळणार आहे? हात हलवल्यामुळे त्याला इजा होत नसेल, दुसऱ्याला लागत नसेल, तर राहू द्या. खूप आनंद झाला तर मी अजूनही बोटं नाचवतो, एकटा असताना.

आणि तो जमिनीवर आडवा होतो तेव्हा कदाचित खोलीत ट्यूबलाइट गुणगुणत असेल, शेजारच्या खोलीतलं मूल रडत असेल, फिनाइलचा वास असेल. तुम्हाला ते जाणवणारही नाही. एकदा त्याच्या उंचीवर, त्याच्या जागी बसून बघा. तो रडणं थांबवतो तेव्हा दर वेळी शिकलेला नसतो, कधी कधी फक्त थकलेला असतो, आणि बाहेरून हे दोन्ही सारखंच दिसतं. हे लिहिताना मला त्रास होतोय पण लिहायलाच हवं होतं.

शिक्षिका_कोथरूड

@निळा_आवाज, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना हे वाचायला देणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

@पुतण्यासाठी_वाचतोय, तुमच्या जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ही केंद्रं सुरू झालीत, तपासणी मोफत असते. काही ठिकाणी छान चालतात, काही ठिकाणी पदं रिकामी, जाऊनच कळेल. पण तोवर थांबू नका. गोव्यात संगथ संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून पास नावाचा एक अभ्यास झालाय, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत आला. तिथे तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट ट्रेनिंग दिलेल्या आणि ज्यांच्यावर सतत देखरेख होती अशा कार्यकर्त्या घरी जायच्या, आई आणि मूल खेळतानाचा छोटा व्हिडिओ काढायच्या आणि मग आईसोबत बसून तो बघायच्या, इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने आवाज काढला, असं. पंधरा दिवसांनी एकदा, सहा महिने. मूल स्वतःहून आईशी संवाद सुरू करायला लागलं, हा फरक मोजून दाखवला त्यांनी. सगळंच सुधारलं असं नाही, पण आठवड्याला ४० तास आणि एसी खोली नसताना हे झालं. जागतिक आरोग्य संघटनेचं पालकांसाठीचं केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग आहे, तेही ऑनलाइन बघता येतं. आणि चित्रांवर बोट ठेवून बोलायला आयआयटी मुंबईचं जेलो अॅप आहे, मोफत आहे आणि मराठीत आहे, आजच फोनवर टाका. अॅप वापरलं तर बोलायचं राहील अशी भीती लोक घालतात, तिला काही आधार नाही.

सांगलीच्या मुली, आता कोर्सचं. जर्सीकरांनी सांगितलं ते बाहेरच्या सर्टिफिकेटचं झालं. इथे भारतात अपंगत्वाच्या क्षेत्रात नोंदणी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद), १९९२ चा कायदा आहे. एबीए थेरपिस्ट अशी वेगळी नोंदणी त्यात नाही, म्हणून तर कुणीही पाटी लावतं. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत बिहेवियरल अॅनालिस्ट हा शब्द आलाय, पण त्याच्या भरवशावर आत्ता बसू नकोस. तुला याच कामात राहायचं असेल तर डीएड किंवा बीएड स्पेशल एज्युकेशन कर, बौद्धिक आणि विकासात्मक अपंगत्वाचं, दोन वर्षं जातील पण आरसीआयचा नंबर मिळतो आणि शाळेतही काम करता येतं. ऑनलाइनच्या नादी लागण्याआधी त्यांच्या साइटवर कॉलेजची मान्यता बघ. एबीए त्यावर चढव.

नवी_थेरपिस्ट_सांगली

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोनदा वाचलं. आईला विचारलं, त्याचं पोट चार-चार दिवस साफ होत नाही म्हणाली, डॉक्टरांकडे जाणार आहेत. ही गोष्ट आमच्या फाइलमध्ये कुठेच नाही.

अडचण अशी आहे की मी सगळ्यात नवीन, सिनियर ताई चांगल्या आहेत स्वभावाने, त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलंय. त्यांना तोंडावर चुकीचं आहे असं म्हणू शकत नाही आणि त्या मुलासोबत तेच चालू ठेवणंही मला जमणार नाही. काय बोलू?

शिक्षिका_कोथरूड

चूक-बरोबर काढूच नकोस. ताईंना म्हण, "याच्या चावण्याची मला भीती वाटते, मला एक आठवडा कार्ड करून बघू द्या, मी आकडे लिहून ठेवते." आकड्यांना नाही म्हणणं एबीएवाल्या माणसाला जड जातं. आजपासून तीन गोष्टी लिही, दर सेशनला किती वेळा चावला, त्याच्या अगदी आधी काय झालं होतं, आणि किती वेळा त्याने स्वतःहून काही मागितलं. "रडला" एवढंच लिहू नकोस, कुठलं काम, कितवं काम, खोलीत कोण होतं ते लिही. दहाव्या मिनिटाला उठतो ना, मग सहाव्याला तूच म्हण चल खेळू, आणि टेबल सोडून खाली सतरंजीवर बस त्याच्याबरोबर.

चावण्यामुळे जखम होतेय तोवर हात धरून काम करून घेणं बंद ठेवायचं, हे मात्र सेंटरच्या प्रमुखांना लेखी विचार, साधा मेसेज चालेल. "या मुलाचा प्रोग्राम कुणी लिहिलाय आणि सेशन बघायला कोण येणार" हेही त्याच मेसेजमध्ये. आईची लेखी परवानगी घेऊन सेशनचा व्हिडिओ काढता आला तर काढ, तुझ्या फोनवर नाही, सेंटरच्या फोनवर, आणि ताईंसोबतच बसून बघ. मला व्यनि कर, शनिवारी दुपारी आमच्याकडे आम्ही चारपाच जणी एकमेकींची सेशन बघतो, पालकांची परवानगी असलेलीच. येऊन बस. ताईंनाही घेऊन आलीस तर फार बरं.